राहिलेली पोच

धाकू घाडीगावकरवर गेम निघतोय, ही बातमी बोरीवलीच्या त्याच्या सोसायटीत कुणी पसरवली हे विचारायची गरज नव्हती. धाकूनेच पसरवली. आधी वॉचमनला सांगितलं, मग इस्त्रीवाल्याला, मग सकाळी नॅशनल पार्कात फिरायला जाणाऱ्या मंडळींना, आणि तरीही कुणी राहिलंच असेल म्हणून लिफ्टमध्ये. वय त्र्याहत्तर. निम्म्या सोसायटीचा तो काका आणि उरलेल्यांचा आजोबा. आपण त्याला धाकूच म्हणू, कारण ही गोष्ट ज्या दिवसांची आहे त्या दिवसांत सगळी गिरणी त्याला धाकूच म्हणायची.

गेम केला होता त्याच्या नातीने. रुचिरा पंचवीस वर्षांची, अंधेरीतल्या एका छोट्या कंपनीत काँप्युटरवरच्या खेळांच्या कथा लिहायची. "खेळाला कथा कशाला लागते?" असं तिच्या आजीने, सुगंधाने, पहिल्या दिवशी विचारलं होतं. त्यावर रुचिरा म्हणाली, "आजी, आताच्या गेममध्ये नुसतं ढिशुम ढिशुम नसतं. माणसाला पेचात टाकतात. दोन्हीकडून चूक, आणि तूच ठरव." सुगंधा म्हणाली, "मग ता घरातच असा की, तेका काँप्युटर कशाक?"

रुचिराच्या गेमचं नाव होतं 'गेट'. गिरणी, संप, उपाशी घरं आणि गिरणीच्या दारात उभा असलेला एक कामगार, ज्याचं नाव धाकू. लहानपणापासून आजोबांच्या मांडीवर ऐकलेलं सगळं तिने त्यात ओतलं होतं. आणि आजोबांनी सांगितलं तरी काय कमी होतं! ब्याऐंशीचा संप, दीड वर्ष बिनपगारी, सुगंधाची खानावळ, धाकूने डोक्यावर पाटी घेऊन विकलेली भाजी. पण धाकू आत गेला नाही. गिरणी बंद पडली, चाळीतली खोली गेली, तरी धाकू फुटला नाही. घाडीगावकरांच्या घरात सोनं फारसं नव्हतं, 'धाकू फुटला नाही' हे एक वाक्य होतं आणि ते सणासुदीला दागिन्यासारखं बाहेर काढलं जायचं.

आणि त्या दागिन्यातलं पदक म्हणजे दत्तारामाची गोष्ट. दत्ताराम हा धाकूचा साच्यावरचा जोडीदार. बारा वर्षं दोघांनी शेजारी शेजारी कापड विणलं. संपाला सव्वा वर्ष झालं आणि दत्ताराम फुटला, पोलिसांच्या मधून आत जायला निघाला. तेव्हा गेटवरच्या गर्दीतून पुढे होऊन धाकूने त्याच्या हातात काचेच्या बांगड्या ठेवल्या. सुगंधाने स्वतःच्या हातातल्या दोन काढून दिल्या होत्या. "तो मान खाली घालून आत गेलो मेलो," इथे धाकूची गोष्ट संपायची आणि ऐकणारे टाळ्या वाजवायचे. त्यानंतर दत्तारामाचं नाव घरात कुणी सहज घेतलं नाही. तो नाहूरला राहायला गेल्याचं कानावर आलं होतं. बोरीवली आणि नाहूर, मध्ये नॅशनल पार्कचा डोंगर. धाकूला तो डोंगर बरा वाटायचा.

गेम लोकांपुढे मांडायचा होता रविवारी, अंधेरीच्या एका हॉलमध्ये. त्याच्या आठ दिवस आधी, शनिवारी दुपारी, रुचिरा आपल्या सहकाऱ्याला घेऊन घरी आली. निमेश त्याचं नाव. घाटकोपरचा गुजराती मुलगा, गेममधली माणसं हलती करायचं काम त्याचं. त्याने टीव्हीला वायर जोडली आणि धाकूच्या हातात खेळायचं यंत्र दिलं.

"आजोबा, हे बटण दाबलं की चालायचं, हे दाबलं की बोलायचं. बाकी टेन्शन नको."

"दोन साचे एकदम चालवलेत बाबा मी," धाकू म्हणाला. "ह्या तर खेळणा."

आणि खरंच त्याला जमलं. सोफ्यावर मांडी घालून धाकू टीव्हीतल्या धाकूला गिरणीत घेऊन गेला. भोंगा वाजला तसा तो खूश. पाळी बदलली तसा आणखी खूश. पण साचेखात्यात शिरल्यावर, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे, टीव्हीतला दत्ताराम म्हणाला, "काय धाकू, जेवलास का?" आणि धाकू फिसकन हसला.

"खोटा! सगळा खोटा. साचेखात्यात कोण बोलता गो? तीनशे साचे खडखडत असतत. कानात ओरडलास तरी ऐकाक येना नाय."

"मग तुम्ही बोलायचात कसे?" निमेशने विचारलं.

"हातान. नायतर ओठ वाचायचे. आजून वाचतंय. खालच्या मजल्यावरच्या बाईचा नवऱ्याबरोबर काय चालला असता, ता माका गॅलरीतून कळता."

"आणि आमका येऊन सांगतत," आतून सुगंधा म्हणाली.

मग धाकूने हात करून दाखवले. धागा तुटला, जॉबर म्हणजे मुकादम येतोय, चहाला चल, डबा काय आणलास. निमेशने लगेच मोबाइल काढून ते टिपायला सुरुवात केली. "आणि एक लक्षात ठेव," धाकू म्हणाला. "कोणी हात केलो तर पोच द्यायची. अशी." त्याने दोन बोटं कपाळाला लावली. "म्हणजे समजला. माझो हात साच्यात असता, तुझो साचो सुरू करूच्या दांड्यावर. मी हात केलंय आणि तुझी पोच नाय, तर माझी बोटा गेली. दोन माणसांचा भांडाण असला, बोलणा बंद असला, तरी पोच द्यायची. पोच न देणारो माणूस आमच्यात माणूस नाय." मग त्याने दहा बोटं पसरून दाखवली. "सगळी शाबूत. दत्तारामाची कृपा."

हे बोलून गेल्यावर त्याने बोटं मिटून घेतली. त्या घरात दत्तारामाच्या नावापुढे कृपा हा शब्द कधी आला नव्हता. पण टीव्हीवरचा खेळ पुढे सरकला होता.

आणि गेट आलं. पोलीस, घोषणा, उन्हात उभी असलेली माणसं. रुचिराने हा भाग जीव ओतून केला होता. गर्दीतून वाट काढत दत्ताराम येतो, धाकूसमोर थांबतो आणि खेळणाऱ्यापुढे तीन वाटा उघडतात. बांगड्या दे. वाट अडव. जाऊ दे.

रुचिरा आजोबांच्या तोंडाकडे बघत होती. आता ते हसतील, बांगड्यांचं बटण दाबतील आणि म्हणतील, शाबास गो बाय. पण धाकूने काहीच दाबलं नाही. टीव्हीतला दत्ताराम हात लोंबते सोडून उभा होता, श्वास घेत होता, वाट बघत होता. एक मिनिट गेलं. निमेशला वाटलं, यंत्र अडकलं. मग रुचिराला दिसलं की आजोबा टीव्हीतल्या दत्तारामाच्या हातांकडे बघताहेत.

"हात खोटे आसत," धाकू म्हणाला. यंत्र सोफ्यावर ठेवलं आणि तो आतल्या खोलीत निघून गेला.

सुगंधाने तळलेले बांगडे तसेच थंड झाले. संध्याकाळपर्यंत धाकू बाहेर आला नाही. रुचिराच्या डोळ्यांत पाणी. "वाट लागली यार. मी काढून टाकते तो सीन. म्हाताऱ्या माणसाला असं..."

"नको काढू," निमेश म्हणाला. त्याने आतल्या खोलीच्या दरवाजाकडे पाहिलं. दरवाजा लोटलेला होता, बंद नव्हता. बहुधा म्हणूनच तो जरा मोठ्याने बोलला. "मीही अडकलो होतो ना तिथे. तुला सांगितलं नाही. कोविडच्या वेळी पप्पा हॉस्पिटलमध्ये होते. सकाळी नर्सचा व्हिडिओ कॉल आला. मला कळलं होतं कशासाठी आहे. फोन वाजत राहिला आणि मी उचलला नाही. घाबरलो. एवढंच. तुझा तो माणूस गेटवर उभा राहून वाट बघतो ना, तेव्हा मला तो फोन वाजताना ऐकू येतो. पहिल्यांदा खेळलो तेव्हा ऑफिसच्या बाथरूममध्ये अर्धा तास बसलो होतो. तुला म्हणणार होतो, सीन काढ. मग वाटलं, राहू दे. कुणालाच सांगितलं नव्हतं मी. निदान त्या दत्तारामाला तरी माहीत आहे."

दरवाजा उघडला. धाकू बाहेर आला, निमेशच्या शेजारी बसला आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याला त्या पोराचा इतका अभिमान वाटला की स्वतःची लाज वाटली. तिशीही न गाठलेला मुलगा सरळ बोलून मोकळा झाला, आणि आपण बेचाळीस वर्षं टाळ्या घेत बसलो.

"दत्ताराम मान खाली घालून गेलो, असा मी सांगत इलंय," तो म्हणाला. "खोटा. तेनी मान वर केल्यान. माझ्याकडे बघल्यान. आणि हात केल्यान."

त्याने तो हात करून दाखवला. डावा हात पोटाशी वाकवून तान्ह्या मुलासारखा झुलवला. मग उजवा तळवा कपाळावर, आणि लगेच झटका, भाजल्यासारखा. अर्थ सांगायची गरज नव्हती. पोर तापाने फणफणलंय.

"गेटवर हजार माणसा होती. पोलीस होते. कोणाक काय कळला नाय. माका कळला. साचेखात्यातलो तिथे मी एकटोच होतंय तेच्या समोर. तेका पगार नको होतो, औषध होया होता. तो माका विचारी होतो, जाऊ काय? माझी पोच मागी होतो. आणि मी वर बघलंय. गिरणीच्या चिमणीकडे. मग बांगड्यो दिलंय."

स्वयंपाकघराच्या दारात सुगंधा उभी होती. तिने आपल्या मनगटाकडे पाहिलं.

"माका ह्या ठावक असता तर मी काकणां दिलीच नसती," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "त्या पोराचा पुढे काय झाला?"

"माहीत नाय. कधी विचारूक नाय. मेला असला तर?" धाकू म्हणाला आणि रडला. सुगंधाने त्याला रडू दिलं. मग पदराने त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता विचारा."

कोकणातल्या माणसाला मुंबईत शोधायला पोलीस लागत नाहीत, गावचं मंडळ लागतं. रुचिराने मंडळाच्या ग्रुपवर विचारलं आणि तासाभरात उत्तर आलं. दत्ताराम आठ वर्षांपूर्वी गेला. घर नाहूरलाच आहे. हा नंबर. पुढचं काही विचारायला धाकूने रुचिराला मनाई केली. "ह्या माझा काम," म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून तो फोनपाशी बसला. फोनवर कुणी सदरा बघत नाही, हे त्याला सांगायची कुणाची हिंमत झाली नाही.

पलीकडे एका बाईचा आवाज आला.

"मी धाकू," तो म्हणाला. "साचेखात्यातलो. दत्तारामाचो जोडीदार."

पलीकडून उत्तर आलं, "बोला."

"पुढच्या रविवारी अकराक अंधेरीक येवा. माझ्या नातीचो कार्यक्रम असा. पत्तो ती पाठवतली."

"येते," बाई म्हणाली आणि फोन बंद झाला.

"कोण होती?" सुगंधाने विचारलं.

"बाई होती."

"ता माका पण कळला. कोण? बायको? सून? चेडू?"

धाकूने मान हलवली. विचारायचं तेवढंच राहिलं होतं.

"शाबास," सुगंधा म्हणाली. "तेव्हा पोच रवली, आता सवाल रवलो."

तो आठवडा धाकू रोज अंधेरीला रुचिराच्या ऑफिसात गेला. निमेशने त्याला एका पांढऱ्या भिंतीपुढे उभं केलं, समोर कॅमेरे लावले, आणि धाकूने दत्तारामाचे हात करून दाखवले. एकदा नाही, चाळीस वेळा. "झुलवणा सावकाश," तो निमेशला सांगायचा. "बापाचो हात असा तो." ऑफिसातली पोरंपोरी कामं सोडून बघत उभी राहायची. तिसऱ्या दिवशी रुचिराने तिच्या मनात घोळत असलेली गोष्ट विचारली.

"आजोबा, आता गेटवर दत्ताराम खूण करणार. पण खेळणाऱ्याला उत्तर देता आलं पाहिजे ना? चौथी वाट ठेवू? पोच दे?"

"ठेव. माझ्या हातून झाला नाय, ता कोणाच्या तरी हातून होऊ दे."

"आणि त्या माणसाचं नाव बदलू का? आपल्या सोसायटीतले सगळे येणार आहेत. त्यांना कळेल की तुम्ही..."

धाकूने विचार केला. खोटं कशाला बोला, मोह झाला. दुसरं एखादं नाव, आणि घरातला दागिना जसाच्या तसा. पण समोर कॅमेऱ्यापुढे त्याची दहा बोटं होती, शाबूत.

"हार घालताना धाकू चलता, मग ह्याका कित्याक चलना नाय?" तो म्हणाला. "धाकूच ठेव. आणि संप मोडूक नाय ह्या पण ठेव. ता खरा असा. दोन्ही खरा असा."

रुचिराने आजोबांकडे पाहिलं. शाळेपासून ती त्यांचा अभिमान मिरवत आली होती, पण तो ऐकीव होता. आजचा तिच्या डोळ्यांसमोर तयार झाला होता.

रविवारी हॉल गच्च भरला. सोसायटीची माणसं लग्नाला आल्यासारखी नटून आली होती. मोठा पडदा, त्यापुढे एक खुर्ची, आणि स्पीकरमधून तीनशे साच्यांची खडखड. ती धाकूच्या सांगण्यावरून इतकी वाढवली होती की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. सुगंधाने कानात कापूस घातला. धाकू मागच्या भिंतीला टेकून उभा होता आणि दाराकडे बघत होता.

पावणेबाराला एक बाई आली. पंचेचाळीसच्या आसपासची, हिरवी साडी, खांद्याला पर्स. रुचिरा पुढे गेली, दोघी काही बोलल्या आणि ती बाई सरळ खुर्चीत जाऊन बसली. तिने यंत्र हातात घेतलं. रुचिराने खेळ गेटपासून सुरू केला.

पडद्यावर दत्ताराम गर्दीतून आला. थांबला. मान वर केली. डावा हात पोटाशी झुलला, उजवा तळवा कपाळावर गेला आणि झटकला गेला. हॉलमधल्या कुणाला कळलं, कुणाला नाही. सोसायटीचे सेक्रेटरी मागे वळून धाकूकडे बघायला लागले. धाकूने मान खाली घातली नाही. चार वाटा उघडल्या.

त्या बाईला क्षणभरही विचार करावा लागला नाही. तिने चौथं बटण दाबलं. पडद्यावरच्या धाकूने दोन बोटं कपाळाला लावली, दत्तारामाने मान हलवली आणि तो आत गेला.

ती उठली. रुचिराला काहीतरी सांगू लागली. साच्यांची खडखड चालूच होती, हॉलच्या त्या टोकाचं या टोकाला ऐकू येणं शक्य नव्हतं. पण धाकूला ऐकू येण्याची गरज कुठे होती? त्याने ओठ वाचले.

"मी रश्मी, त्यांची मुलगी. बाबा शेवटी पार बहिरे झाले होते. साच्यांनी कान खाल्ले. आमच्या घरात सगळे हातांनीच बोलायचो. लोक त्यांना फितूर म्हणायचे. ते म्हणायचे, मी गेलो ते पोरीसाठी, पण माझा जोडीदार फुटला नाही हां. छाती फुगवून सांगायचे."

धाकूने भिंत धरली. बेचाळीस वर्षं या डोंगराच्या अलीकडे तो स्वतःचा अभिमान एकटाच वागवत होता, आणि पलीकडे एक माणूस त्याचाच अभिमान मिरवत होता, कानांनी बहिरा होऊन, फितूर म्हणवून घेऊन.

रुचिराने बोट दाखवलं तशी रश्मीने बोलता बोलता वळून पाहिलं. मागच्या भिंतीशी उभा असलेला म्हातारा तिला दिसला. ती ओळख करून घ्यायला आली नाही. तिथेच उभी राहिली आणि तिने हात केले. डावा हात पोटाशी, झुलता. उजवा तळवा कपाळावर, झटका. मग तळवा छातीवरून सावकाश खाली, म्हणजे ताप उतरला, बरं झालं. आणि शेवटी बोट स्वतःकडे.

ते पोर मी.

मग ती हात खाली घेऊन उभी राहिली. धाकूला ते उभं राहणं ओळखीचं होतं. ती पोच मागत होती.

सोसायटी बघत होती, निमेश बघत होता, सुगंधा कानातला कापूस काढून बघत होती. धाकूने भिंत सोडली, सरळ उभा राहिला आणि दोन बोटं कपाळाला लावली.